पुढचा खांदा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. भंडाऱ्याचा जानराव आणि एक तेलुगू मजूर सकाळपासून लोखंडी पाइप खांद्यावर घेऊन फळ्यांचा चढ चढत होते. दोघांची ओळख कालचीच होती, भाषाही वेगळी. चढावर सगळा भार मागच्यावर पडे, आणि मागे जानरावच असे. दुपारी खांदा सोलवटला तेव्हा त्याने पाइप खाली टेकवला. “सगळं वझं मलेच कावून? आता तू मांगं राह्य,” तो खुणा करत म्हणाला. जोडीदार मान हलवून मागे गेला. पुढे चालताना जानरावाच्या मनात आलं, यानं मागून पाइप सोडला तर आपलं काही खरं नाही. तो पावलोपावली मागे वळून पाहू लागला. शेवटी स्वतःवरच चिडून पुन्हा मागे आला. जोडीदार पुढे होऊन निवांत चढू लागला. “एकडाव तं मांगं पाह्य,” जानराव पाठमोऱ्या माणसावर खेकसला.