आत्या बंडीत

डोळे मिटा आणि समजा, तुम्ही हिवतापाचा जंतू आहात. एवढेसे, की सुईच्या टोकावर तुमच्यासारखे कितीतरी मावतील. गोळीचं औषध तुमच्या आत शिरलं, तर घाबरू नका. तुमच्या पोटात दारावर एक रखवालदार आहे. आलेलं औषध उचलायचं आणि बाहेर फेकायचं, एवढंच त्याचं काम.

आबांनी हे नातीला, मोनालीला सांगितलं, तेव्हा तिची दीपाआत्या अंगणातल्या बैलबंडीत कापसावर रुसून बसली होती. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून अर्धी भरलेली बंडी दारातच उभी होती. आत्याचा दिवसाआड येणारा हिवताप सकाळी उतरला होता, उद्या पुन्हा चढणार होता. पहिल्या गोळ्या वाया गेल्या होत्या. आता दवाखान्यातल्या सिस्टरनं दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि आत्या त्यांना हातही लावत नव्हती.

"कायले घेऊ? तेवढं कडू गिळलं, काय झालं?"

"मंग तूच जंतू हो," आबा म्हणाले. "मोनाली कापूस टाकते. फेक बाहेर."

आत्याचे डोळे चमकले. मोनालीनं खालच्या ढिगातून कवेत कापूस घेऊन बंडीत टाकला. आत्यानं तो तिच्याच डोक्यावर उडवला. पुन्हा टाकला, पुन्हा उडवला. केसांत कापूस, तुळशीवर कापूस, कोंबड्यांच्या पाठीवर कापूस.

"पाह्यलं का, आबा? जंतू जिंकला!"

"एकटं औषध हारलं," आबा म्हणाले. "अतुल, चढ वर. तुडव."

बंडी भरताना करतात तसंच झालं. मोनाली खालून टाकू लागली आणि तिचा भाऊ अतुल वर थयथय नाचू लागला. दाबून बसलेला कापूस आत्याला उचलता येईना. तिचे पाय बुडाले, मग कंबर बुडाली. हसता हसता तिला धाप लागली.

"अबे, थांबा ना! दोघं मिळून मारता काय मले?"

"दोन जातीच्या गोळ्या काहून दिल्या, समजलं?"

आत्यानं आबांकडे पाहिलं. मग मोनालीकडे.

"पाणी आण, पोरी. संगंच घेतो दोन्ही."

मोनाली घरात पळाली. पाणी आणि गोळ्या घेऊन, चाकावर पाय देऊन ती बंडीत चढली, तेव्हा अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं होतं. तिनं गोळ्या आत्याच्या ओठांशी नेल्या आणि दम भरला,

"आ कर, जंतू!"