जोतं

ओढ्याच्या पुराने सुभद्राकाकूंचं घर वाहून नेलं, त्याला महिनाही झाला नव्हता. त्या जागी आता नुसता गाळ होता. ग्रामसेवक मोटारसायकलवरून आले आणि म्हणाले, "काकू, तुमची घरपट्टी माफ. घरच उरलं नाही, म्हणून नोंदही काढून टाकतो."

"नोंद काढलीत, तर इथे माझं घर होतं हे उद्या कोण मानेल?" काकू म्हणाल्या. "भाऊसाहेब, पुरात पडलेलं घर म्हणून माफी द्या. घर नाही म्हणून नको."

"मग दाखवायला काहीतरी लागेल. शुक्रवारी अहवाल पाठवायचाय."

काकूंनी पदर खोचला आणि फावडं मागून आणलं. लोकांना वाटलं, बाई दागिने शोधतेय. खरं कारण कळलं, तशा शाळेत आसऱ्याला असलेल्या बायका घमेली घेऊन आल्या. त्यांचीही घरं त्याच गाळाखाली होती.

शुक्रवारी ग्रामसेवक आले, तेव्हा काळ्या दगडांचं जोतं चारही कोपऱ्यांनी मोकळं झालं होतं. ते चपला काढून जोत्यावर चढले आणि त्यांनी खिशातून टेप काढली.

"हे टोक धरा, काकू. घर कायम, पट्टी माफ, असंच लिहितो."

फोड आलेल्या बोटांनी काकूंनी टोक घट्ट धरलं. बायका शेजारच्या गाळात उतरल्याच होत्या. माप लिहून ग्रामसेवक गाडीकडे वळले, तशी काकूंनी हाक मारली, "थांबा, भाऊसाहेब. पुढचंही घर निघतंय."