थंडीतले गचके

“तीस वर्षं आर्टिलरीत काढली मी! तोफा ओढणाऱ्या गाड्यांत आयुष्य गेलं. आणि तू कालची पोरगी मला सांगणार, गाडी ठीक आहे म्हणून?”

“मग ऐका ना स्वतःच्या कानानं!” राखीनं जोरात रेस दिली. “कुठं थरथरतेय? कुठं बंद पडतेय?”

“तू आलीस की शहाण्यासारखी वागते ही. पहाटे मी सुरू केली की थरथरते, दोन गचके देते आणि खलास. दहा-पंधरा मिनिटं खेळवली, गरम झाली, की मग ठीक.”

सावळीरामकाका देवळाली कॅम्पातून रिटायर झालेले. सहा फूट उंची, मिशा पीळदार, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. कॉलनीत सगळे त्यांना ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणायचे. गाडी त्यांनी दिवाळीत घेतली, जुनीच, पण चकाचक.

राखीची ही चौथी फेरी होती. पहिल्या फेरीत तिनं प्लग बदलले. दुसऱ्या फेरीत हवा आत जाते तो थ्रॉटल उघडून काजळी साफ केली. तिसऱ्या फेरीत सेन्सर बदलला. इंजिन गार आहे हे त्या सेन्सरला कळलं नाही, तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी खोकते. बॅटरी तर दर वेळी तपासली. सगळं टकाटक. तरी काकांचा फोन यायचा तो यायचाच.

आणि फोन नेमका मंगळूमामाला यायचा. दहावी अर्ध्यात सोडून राखी मामाच्या गॅरेजात घुसली, त्याला दीड वर्ष झालं होतं. एकटीनं करायला मिळालेली ही तिची पहिली गाडी. मामानं काल स्वच्छ सांगितलं होतं, “पुढच्या खेपेला ही गाडी खोकली ना राखे, तर पाना खाली ठेवायचा. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून दहावीला बसायचं.”

त्यापेक्षा राखी इंजिन ऑइल प्यायली असती.

“काका, एकदा तुम्हीच सुरू करून दाखवा ना,” ती म्हणाली.

“मालकानं राबायचं आणि मेकॅनिकनं बघायचं? वा गं वा!”

राखीनं दात खाल्ले. आधीच तिचे गुडघे स्टीअरिंगला घासत होते. दर वेळी सीट पार पुढं ओढलेली, आणि दर वेळी तीच मागं सारायची.

तेवढ्यात ठमाकाकू चहा घेऊन आल्या. बुटक्या, गोल, कायम हसऱ्या. बशीत बेसनाचे दोन लाडू, वर कागदात बांधलेले आणखी चार.

“किती बोलता हो पोरीला! घे गं बाई. तुझी काही चूक नाही.”

“मग कुणाची आहे काकू?”

काकू काहीतरी उतू जातंय म्हणत लगबगीनं आत पळाल्या.

राखीनं इंजिन बंद केलं, खाली उतरून बॉनेटवर हात टेकला, आणि तसाच ठेवला.

“काका, गाडी कुठं नेली होती?”

“कुठं नाही.”

“बॉनेट तापलंय. माझ्या दोन मिनिटांच्या रेसनं एवढं तापत नसतं.”

“ऊन लागलं असेल.”

डिसेंबरातले सकाळचे सात. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

“नक्की किती वाजता सुरू करता तुम्ही?”

“सात... सातच्या आधी. पाऊण तास, तासभर इकडेतिकडे.” काका मिशी पिळायला लागले. “माणसानं लवकर उठावं. तुमच्या पिढीला नाही कळायचं.”

राखी तडक गॅरेजात आली. “मामा, मला फसवलं! मी जाते तेव्हा ती गाडी गारच नसते. उद्या साडेपाचलाच जाऊन उभी राहते, न सांगता.”

“एकटी नको, मी पण येतो,” मामा म्हणाला. “माझ्या कानानं ऐकीन. खोकली तर फॉर्म खिशातच आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं काकांच्या कुंपणाला टेकून उभे राहिले. मामानं कानटोपी एका बाजूनं वर केली होती, ऐकायला.

दार उघडलं. काका बाहेर आले, मागून स्वेटर घातलेल्या काकू. काका सीट मागं सारून स्टीअरिंगवर बसले, काकू शेजारी. काच खाली झाली. चावी फिरली.

अर्ध्या फिरकीत इंजिन लागलं. रात्रभर गारठलेली गाडी, पण आवाज कसा, शिलाई मशीनसारखा! ना थरथर, ना खोकला. राखीनं मामाचा दंड असा दाबला की तो कळवळला.

“ऐकलंस? ऐकलंस ना? बर्फ झालेलं इंजिन आहे ते!”

मामाच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं खिशातून फॉर्म काढला, फाडायला दोन्ही हातांत धरला.

आणि गाडी थरथरली. एक गचका. दुसरा गचका. बंद.

मामानं फॉर्मची गुपचूप घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

राखीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ती फाटक ढकलणार, एवढ्यात गाडीतून ठमाकाकूंचा आवाज आला.

“अहो, किती वेळा सांगू? क्लच हळू सोडा, हळू! उगाच त्या पोरीच्या नावानं खापर फोडता.”

“आता ओरडू नकोस गं,” ड्रायव्हरसाहेब म्हणाले. “निघायला हवं. रस्त्याला गर्दी व्हायच्या आत पेठ रोडला आरटीओत पोचू. आज लायसनची टेस्ट आहे माझी.”