मंदाताईंचं पान

तिसऱ्या दिवशीही पत्रावळच आली.

मंदाताईंनी वरणाचा ओघळ भातानं अडवला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. सूर्याजी मजेत जेवत होते. पानावर बसलं की त्यांना बाकीचं जग दिसत नसे. पाणीसुद्धा कुल्हडात होतं. पिऊन झालं की फेकून द्यायचं, अशा मातीच्या कुल्हडात. फलाटावर परक्याला चहा देतात तसं.

जिच्या घरी हे पान वाढलं होतं, ती विमल आठ वर्षांपूर्वी माधवगंज मोहल्ल्यात त्यांची शेजारीण होती. पुरुषमाणसं जेवून उठली की मंदा आणि विमल एकाच पितळी ताटात समोरासमोर जेवायला बसायच्या. विमल ब्राह्मणाची, मंदा मराठ्याची. गल्लीत कुजबुज व्हायची, पण विमल तिला भीक घालत नसे. पुढं संस्थान विलीन झालं, संस्थानची फौज गेली आणि सूर्याजी बायकोला घेऊन साताऱ्याकडं गावी परतले. तिथं त्यांचं मन रमेना. मग लिलावात लष्कराची जुनी अँब्युलन्स मिळाली. तिच्यात त्यांनी झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह आणि देवाला कोनाडा बसवला आणि दिवाळीआधीच हरिद्वारची वाट धरली. लोकांना सांगायला हरिद्वार. मंदाताईंना विमलला भेटायचं होतं. महिनाभर धूळ खात, टायर बदलत त्या तेवढ्यासाठी आल्या होत्या.

आणि इथं हे असं.

विमलचे यजमान पांडुरंगराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले होते. त्याच शहरात, थाटीपुरात त्यांना क्वार्टर मिळालं होतं. दारातल्या कडुनिंबाखाली गाडी उभी राहिली तेव्हा विमल धावत आली, गळ्यात पडली, रडलीसुद्धा. पण झोपायची वेळ झाली तेव्हा पांडुरंगराव हसत म्हणाले, "तुमचं घर तर तुमच्या सोबतच आहे, सूर्याजी!" म्हणजे झोपायचं गाडीतच. स्वयंपाकघराचं दार कायम लोटलेलं. मंदाताई मदतीला उठल्या की विमल आडवी यायची. "तू बैठ ना. थकून आलीयेस. मी करते ना सगळं." जेवायला बरोबर बसा म्हटलं तर दोघं नवराबायको म्हणायची, आम्ही नंतर. जेवण झाल्यावर मात्र विमल मंदाताईंना पान उचलू देत नसे. "राहू दे, पान मी उचलते." पाहुण्यानं उष्टं काढू नये, एवढी रीत तरी शिल्लक होती म्हणायची.

मंदाताईंचा जीव आत आत तुटत होता. माणूस मोठं झालं की सोवळंही वाढतं का? नसेल चालत आमचा हात तुमच्या भांड्यांना, तर पत्राला उत्तर कशाला धाडलं, जरूर या म्हणून?

"अहो, आपल्याला वेगळं काढलंय," त्या गाडीत सूर्याजींना म्हणाल्या.

"कुणी?"

"पत्रावळ दिसत नाही तुम्हाला?"

"पत्रावळीवर जेवण गोड लागतं," सूर्याजी म्हणाले. मंदाताईंनी कपाळावर हात मारला.

चौथ्या दिवशी दुपारी विमलनं पत्रावळी मांडल्या. मंदाताई उठल्या. गाडीत जाऊन त्यांनी आपली दोन पितळी ताटं आणली, पत्रावळी बाजूला सारल्या आणि त्या जागी ताटं ठेवली.

"आमची ताटं आम्ही आणलीत," त्या म्हणाल्या. "तुमची विटाळायला नकोत. जेवलो की निघतो."

सूर्याजींची मान खाली गेली. विमलच्या हातातली पळी तशीच राहिली. "वहिनी, असं नाही हो," म्हणत पांडुरंगराव पुढं आले. विमलनं त्यांना हातानंच थांबवलं. मग ती वळली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं.

आत काही नव्हतं. फळ्यांवर नुसते वर्तमानपत्राचे कागद. खाली एक पातेलं, एक तवा, पिठाचा डबा. कोपऱ्यात गुंडाळलेली एक सतरंजी.

"ताटं भोपाळला आहेत, मंदा," विमल म्हणाली. "पलंग पण तिकडेच. सामान तर बारा तारखेलाच मालगाडीनं गेलं. नवीन राज्य झालं ना, ह्यांची कचेरी तिकडे गेली. पंधरा तारखेला हजर व्हायचं होतं."

"आज अठरा," मंदाताई कशाबशा म्हणाल्या.

"ह्यांनी आजारी असल्याची तार केलीये. तुमचं पत्र आलं होतं ना, पंधराला पोहोचतो म्हणून."

"अगं, पण नोकरी? तिथं ह्यांच्या जागेवर दुसरा कुणी बसला तर?"

विमलनं नवऱ्याकडं पाहिलं. पांडुरंगराव खिडकीबाहेर बघत होते. "बसेल तर बसेल," ते म्हणाले.

"मला सांगायचं तरी होतंस गं!"

"सांगितलं असतं, तर तू गाडीतून खाली पाय ठेवला असतास?"

मंदाताईंना समोरची ताटं उचलून कुठं लपवावीत ते कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मग तुम्ही दोघं कशात जेवता?"

"दिवाळीच्या पूजेच्या एवढ्याच पत्रावळी उरल्यात. नवीन आणायला बाजारात कोण जाणार? भेटेल तो ह्यांच्या तब्येतीचं विचारेल." विमल पहिल्यांदाच हसली. "हे पातेल्याच्या झाकणात जेवतात. आणि माझं काय, तू जेवून उठलीस की तुझ्याच पानावर बसते मी. आधी पण तर आपलं एकच ताट होतं ना?"