मूळ फोटो

“ताई, फोटो पाठवण्याआधी साइज बघत जा गं. इकडून तिकडे फिरून चेहऱ्याचा पार लगदा होतो,” धाकटा भाऊ नेहमी बजावायचा. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं, मी बाबांची बाजू घेतली, आणि तेव्हापासून आमचा अबोला होता.

आज सकाळी विसराळू झालेले बाबा दार उघडं टाकून निघून गेले. गल्लीन् गल्ली पालथी घातली. शेवटी मी पोलिस चौकीत गेले, तर पोलिसाने माझ्या फोनमधला बाबांचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मान हलवली.

“मॅडम, हा जेमतेम चाळीस केबीचा. छापला तर तुम्हालाही ओळखू यायचा नाही. मूळ फोटो आणा.”

नातेवाइकांकडे मागितला, तर सगळ्यांकडे तोच, तेवढाच. मूळ फोटो धाकट्याने काढलेला. बाकावर बसून मी डोळे मिटले. ‘देवा, बाबा सापडू देत. मी अनवाणी धाकट्याच्या दारी जाईन.’ मग त्याला लिहिलं, “बाबा हरवलेत. त्यांचा मोठा फोटो पाठव.”

लगेच फोटो आला. आधी साइज बघितली, साडेचार एमबी. मग उघडला. बाबा जेवायला बसले होते, आणि अंगात सकाळी मीच बटणं लावून दिलेला शर्ट होता.

खाली धाकट्याने लिहिलं होतं, “हा आत्ताचा. आमचं भांडण झालंय हेच विसरलेत. तुला कळवणारच होतो, पण माझा फोन उचलला असतास?”



पोलिसाला फोटो दाखवला, चपला बाकाखालीच सोडल्या आणि चालू लागले.