मिसेस टूमींची पत्रं

आजही पत्र होतंच. डोनलने ते टपालाच्या पिशवीतून काढून उलटंपालटं केलं. साधं पांढरं पाकीट, तिरकं मोठालं अक्षर, मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही. मार्चपासून सोमवार ते शुक्रवार रोज एक. एकोणऐंशी वर्षांच्या विधवेला इतकं लिहितं तरी कोण? प्रेमपत्रं म्हणावीत, तर मिसेस टूमी ती उघडायची घाईही करत नसत. पाकीट तसंच टेबलावर टाकून देत.

त्याने बेल वाजवली. दारातली पत्रं टाकायची फट फळी ठोकून बंद केलेली होती. समुद्राचा वारा आत येतो म्हणून मार्चमध्येच ठोकून घेतली, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यामुळे पत्र हातातच द्यावं लागे.

"आलास? ये आत. दार लोटून घे, घर गार पडतं," म्हणत मिसेस टूमी पाकीट घेऊन स्वयंपाकघराकडे गेल्यासुद्धा. डाव्या हाताला बाथरूम होतं. डोनल मुकाट्याने आत शिरला आणि त्याने कडी लावली.

चौतिशीतच डोनल हेगार्टीच्या आतड्यांना क्रोन्स नावाचा आजार चिकटला होता, आणि तो जन्मभर सुटणारा नव्हता. कळ आली की पाच मिनिटं हातात असत, फार तर सहा. कॉर्क शहराजवळच्या त्या बंदरगावात त्याच्या वाट्याला आली होती धक्क्यापासून चर्चपर्यंतची चढण. पत्रं वाटत पायी अडीच तास. चढणीवर ओळखीची चाळीस घरं होती, पण कुणाच्या दारात उभं राहून असलं काही मागायची त्याला लाज वाटे. मग पुन्हा खाली धक्क्यावर, चहाच्या दुकानात. तिथलं बाथरूम गिऱ्हाइकांसाठीच होतं, म्हणून रोज तीन युरोंचा चहा घ्यायचा आणि न पिता ठेवून द्यायचा. औषधांचे महिन्याला ऐंशी युरो जात, डॉक्टरचे दर खेपेला पासष्ट, आणि आजारी पडला की पगार कापला जाई तो वेगळाच. दुखणं पोटाचं, पण रिकामा होत होता तो खिसा.

त्यात या खालीवर करण्यात अर्धा तास मोडे. फेब्रुवारीत पोस्टातल्या साहेबांनी बजावलं होतं, "डोनल, एकच्या आत पिशवी रिकामी दिसली पाहिजे. जूनपर्यंत बघतो. नाही जमलं तर आत टपाल निवडायला बस. अर्धा दिवस, अर्धा पगार." अर्ध्या पगारात एक तर घरभाडं निघालं असतं, नाही तर औषधं. दोन्ही नाही.

आणि नेमकी मार्चमध्ये मिसेस टूमींना पत्रं येऊ लागली. घर बरोबर चढणीच्या मध्यावर. पहिल्या दिवशी त्याचा चेहरा बघून त्याच म्हणाल्या होत्या, "बाथरूम तिकडे आहे." तेव्हापासून चहाचे पैसे वाचले आणि पिशवी साडेबारालाच रिकामी होऊ लागली. आता मे सरत आला होता. पत्रं लिहिणारा कोण का असेना, देव त्याचं भलं करो!

पण कुतूहल काही गप्प बसू देईना. "भाचा-बिचा आहे का कुणी?" त्याने एकदा विचारून पाहिलं.

"तुला काय करायचंय, पोरा? तुझं काम आणून द्यायचं," असा टोला मिळाला.

बुधवारी दुपारी, एक सहकारी रजेवर असल्यामुळे, कोपऱ्यावरची हिरवी टपालपेटी उघडायचं काम डोनलवर आलं. तो रस्त्यापलीकडे गाडी लावतोय तोच मिसेस टूमी घरातल्याच सपाता घालून बाहेर आल्या, पेटीत काहीतरी टाकलं आणि आल्या तशा परत गेल्या. डोनलने पेटी उघडली. सगळ्यात वर पांढरं पाकीट होतं. तेच तिरकं अक्षर, आणि पत्ता त्यांच्याच घराचा.

त्याला गलबलून आलं. बिचारी! दिवसातून एकदा दारात माणूस यावा म्हणून स्वतःलाच पत्रं पाठवते, तिकिटांवर पेन्शन उधळते, आणि आपण तिच्या एकटेपणावर आपली सोय लावून घेतोय. जून संपेपर्यंत तरी गप्प बस, असं मन पुन्हा पुन्हा सांगत होतं. पत्रं थांबली की दार बंद. मग पुन्हा तो धक्का, तो चहा, आणि शेवटी अर्धा पगार. डोनलला हे सगळं कळत होतं. तरी त्याला स्वतःची शरम वाटली.

गुरुवारी त्याने पाकीट दिलं, पण तो आत गेला नाही.

"मिसेस टूमी, उद्यापासून हे पाठवू नका. मी पाहिलं काल. उगाच पैसे कशाला घालवता? एकटं वाटतं, एवढंच ना? मी येत जाईन की. पत्र असो नसो, बेल वाजवीन."

मिसेस टूमी दाराला धरून हसत सुटल्या. "एकटी? मी? सोमवारी पत्ते, मंगळवारी चर्चचं गाणं, आणि शनिवार-रविवार बहीण येऊन डोकं खाते. मला मेलीला श्वास घ्यायला फुरसत नाही!"

"मग ही पत्रं?"

"मार्चमध्ये ओळीने तीन दिवस तू माझ्या फाटकातून आत आलास," त्या हसू आवरत म्हणाल्या. "पोट धरून, घामाघूम होऊन. बेलपर्यंत हात नेलास आणि तसाच खाली पळालास. मी पडद्यामागून बघत होते. हाक मारली असती, तर तू पुन्हा इकडे फिरकला नसतास. म्हणून म्हटलं, पोस्टमनच्या हातात एक पत्र तरी देऊ."

डोनलने दारातल्या फटीवर ठोकलेल्या फळीकडे पाहिलं.

"रिकाम्या हाताने बेल वाजवीन म्हणायला अडीच महिने घेतलेस, पोरा. पण म्हणालास. आता तिकिटं बंद."