लिफ्टवाल्याचे पालक

‘पुढे जाण्यासाठी पालकांना बोलवा,’ असं स्क्रीनवर आलं, तेव्हा लिफ्टवाल्याने आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर त्याचे आईवडील होते, पण फोटोत. त्यांना कुठून बोलावणार?

घोळ त्याचाच होता. बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. आता कंपनीने नव्या धर्तीच्या लिफ्ट आणल्या आणि फर्मान काढलं: शिकवणीच्या वेबसाइटवर अभ्यास करा, परीक्षा पास व्हा, नाहीतर गोदामात स्क्रू निवडत बसा. त्याने एका बैठकीत दोन खाती उघडली, एक स्वतःचं आणि एक लेकीच्या गणितासाठी. घाईघाईत आपली जन्मतारीख तिला चिकटवली आणि तिची आपल्याला. झालं! वेबसाइटच्या लेखी लिफ्टवाला दहा वर्षांचा झाला आणि त्याची चौथीतली लेक भिंगरी एक्केचाळीसची. घरातलं मोठं माणूस म्हणून तिलाच त्याची पालक करून वेबसाइट मोकळी झाली.

त्याने मदतकेंद्राला फोन लावला.

“अहो बाई, मी एक्केचाळीस वर्षांचा आहे!”

“सगळी मुलं असंच म्हणतात, बाळा,” पलीकडची बाई मायेने म्हणाली. “वय बदलायचं तर पालकांची परवानगी लागते.”

“पालक म्हणजे माझी मुलगीच आहे हो. बघा ना तिथे नाव.”

“दुसऱ्याची माहिती आम्ही कुणालाच सांगत नाही. आणि अनोळखी माणसाला फोनवर आपलं वय सांगू नये, कळलं? तक्रार लिहून घेतलीय. आता फोन आईकडे दे बरं.”

लिफ्टवाल्याने दाढी खाजवली आणि निमूटपणे फोन बायकोकडे दिला. तिला हसता हसता ठसका लागला.

भिंगरीने मात्र प्रकरण मनावर घेतलं. खुर्चीत मांडी ठोकून तिने सगळ्या अटी मोठ्याने वाचल्या.

“अभ्यास सोडून मध्येच मॅच बघणार नाहीस ना, बाबा?”

“नाही गं बाई.”

“मग दिली परवानगी.”

आठवड्याने भिंगरीच्या टॅबवर अहवाल आला, ‘आपल्या पाल्याची प्रगती’. सराव परीक्षेत पाल्याला पन्नासपैकी अकरा पडले होते. हे गुण कंपनीला दिसत नव्हते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत नव्हते. ते फक्त पालकांना दिसत होते. भिंगरीने ते वाचले, एकदा बापाकडे पाहिलं आणि पेन्सिलीला टोक करत बसली.

लिफ्टवाला कंपनीला भ्यायला नव्हता, भ्यायला होता मेहुण्याला. बायकोचा हा भाऊ कंपनीत त्याचा साहेब होता. परीक्षेला कुणाकुणाला बसवायचं, ती नावं सोमवारी तोच वर पाठवणार होता. कच्च्या माणसाला बसवून आपली शोभा कोण करून घेईल? नाव गळलं की गोदाम ठरलेलंच. आणि रविवारी मेहुणा जेवायला यायचा होता.

त्यात मागच्या वेळचं जेवण त्याला आठवलं. तेव्हा भिंगरीला गणितात पन्नासपैकी चौदा पडले होते आणि लिफ्टवाल्यानेच भर पंगतीत डांगोरा पिटला होता. “आमच्या बाईसाहेबांनी चौदा दिवे लावलेत बरं का!” मेहुणा पोट धरधरून हसला होता. लिफ्टवाल्याने ते दुधवाल्यालाही सांगितलं होतं, नात्यातल्या ग्रुपवरही टाकलं होतं. भिंगरी आपलं ताट घेऊन पडद्यामागे गेली होती आणि उभ्यानेच जेवली होती. तेव्हा त्याला ती गंमत वाटली होती. आता लेक उट्टं काढणार, याची त्याला खात्रीच पटली. आपण तिच्या जागी असतो तर सोडलं असतं का?

रविवारी पानं वाढून होतात न होतात, तोच मेहुण्याने विषय काढला.

“काय भावोजी, सरावात किती पडले?”

“चाललंय... बरं चाललंय,” लिफ्टवाला ताटात बघत म्हणाला.

“बरं म्हणजे किती? भिंगरे, तूच यांची पालक ना गं? काढ बघू रिपोर्ट, जरा हसू तरी.”

टॅब भिंगरीच्या शेजारीच होता. तिने तो उचलला. लिफ्टवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. भिंगरीने टॅब मांडीखाली सरकवला आणि ती वर चांगली जड होऊन बसली.

“नाही दाखवणार, मामा. ती बाबाची खासगी माहिती आहे.”

“अगं, मी काय परका आहे? घरचाच ना?”

“घरचेच तर हसतात,” भिंगरी म्हणाली. “आणि मी त्याचा अभ्यास घेतेय. होईल तो पास. तुम्ही नाव पाठवा.”

मेहुणा ओशाळला. “बरं बाई, पाठवतो,” म्हणून जेवू लागला. लिफ्टवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पडद्याकडे बघत राहिला. इतका लहान पडदा, त्यामागे ताट धरून ती कशी मावली असेल, हे त्याच्या तेव्हा मनातही आलं नव्हतं. त्याला पुढे जेवण गेलं नाही.

हात धुऊन तो येतो तोच त्याचा फोन वाजला. मदतकेंद्राने तक्रारीची दखल घेतली होती, एकदाची. स्क्रीनवर लिहिलं होतं: ‘पालक, वय ४१: भिंगरी. पाल्य, वय १०: आपण स्वतः. ही माहिती बरोबर आहे का?’

खाली दोन बटणं होती. लिफ्टवाल्याने डोळे पुसले आणि ‘हो, बरोबर आहे’ दाबलं.